वजन सोडू नका, उतरवा

बेळगाव-निपाणी पट्ट्याला वजन उचलण्याचे वेड नवे नाही. तालमीतले मुद्गल, जत्रेत रंगणारी धोंडा उचलण्याची शर्यत, पोती खांद्यावर घेण्याची पैज हे सगळे या मातीत पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेला लागून असलेल्या कुरुंदवाडने तर या वेडाला खेळाचे रूप दिले. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी वेटलिफ्टिंगची कांस्यपदके आणली, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमला सांगलीच्या संकेत सरगरने कोपर दुखावूनही रौप्यपदक पटकावले. अशा मुलखात गल्लोगल्ली जिम उघडल्या तर नवल नाही. या जिममध्ये पहाटे पाहिले तर विशीतल्या पोरांबरोबर चाळिशी-पन्नाशीतले पुरुषही भरपूर दिसतात. कोणी लष्करातून निवृत्त झालेला जवान, कोणी आखाडा सुटलेला पैलवान, कोणी उद्यमबागेतला कारखानदार, तर कोणी साखर वाढल्याचे रिपोर्ट हातात पडल्यावर जागा झालेला शिक्षक. यांतल्या अनेकांना वर्षा-दोन वर्षांत खांदेदुखी गाठते. मग बहुतेक जण तीनपैकी एक वाट धरतात. काही दात-ओठ खाऊन तेवढेच वजन उचलत राहतात, काही जिमला कायमचा रामराम ठोकतात, आणि काही थेट एमआरआय काढून शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतात. बहुतेकांसाठी या तिन्ही वाटा चुकीच्या आहेत. वजन कमी करायचे, उचलण्याची पद्धत बदलायची, व्यायाम मात्र चालू ठेवायचा आणि भार पुन्हा हळूहळू चढवायचा, ही चौथी वाट साधी आणि कमी खर्चाची आहे. गेल्या काही वर्षांतले वैद्यकीय पुरावेही तिच्याच बाजूने उभे आहेत.

खांदाच का दुखतो, हे त्याच्या रचनेत आहे. मांडीचे हाड कमरेच्या खोल खोबणीत घट्ट बसते, पण दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या अगदी उथळ खोबणीवर टेकलेला असतो. त्यामुळे हात चारी दिशांना फिरतो, पण सांध्याला स्थिर ठेवण्याचे काम हाडांऐवजी स्नायूंवर येते. यांपैकी चार लहान स्नायू गोळ्याला भोवतीने धरून ठेवतात, त्यांना डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. ज्या कंडरांनी ते हाडाला बांधलेले असतात त्यांचा चिवटपणा वयानुसार कमी होतो. छातीचे आणि दंडाचे मोठे स्नायू काही महिन्यांत फुगतात, कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. चाळिशीनंतरचा माणूस तीन महिन्यांत बेंच प्रेसवर वीस-तीस किलो वाढवतो तेव्हा त्याचे स्नायू पुढे पळालेले असतात आणि कंडरा मागे राहिलेल्या असतात. दुखणे बहुधा या अंतरातून येते. गळ्याचे हाड खांद्याला जिथे मिळते तिथले दुखणे तर वजन उचलणाऱ्यांच्याच नावावर जमा आहे. अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ काहिल यांनी 1982 मध्ये या हाडाचे टोक झिजलेल्या 46 पुरुष खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली, त्यांतले 45 जण वजनांचा व्यायाम करणारे होते. म्हणजे वजनामुळे खांदा दुखू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हणून वजन सोडणे हाच उपाय, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

पहिला गोंधळ तपासणीपासून सुरू होतो. एमआरआयच्या अहवालात ‘कंडरेला अंशतः चीर’, ‘झीज’, ‘सूज’ असे शब्द वाचले की माणूस हबकतो आणि आपला खांदा आता कामातून गेला असे धरून चालतो. पण ज्यांचा खांदा मुळीच दुखत नाही त्यांच्या तपासणीत काय दिसते, हे कोणी विचारत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 40 ते 70 वयाच्या 51 पुरुषांचे न दुखणारे खांदे सोनोग्राफीने तपासले, तेव्हा 96 टक्क्यांमध्ये काही ना काही दोष निघाला. जपानमधल्या एका गावातील 664 रहिवाशांच्या तपासणीत 22 टक्के लोकांच्या कफला आरपार चीर आढळली, आणि चीर असलेल्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांना कसलाही त्रास नव्हता. हा अहवाल 2013 चा आहे. याचा अर्थ सरळ आहे. डोक्याचे केस पांढरे होतात तसे खांद्याच्या आतही वयाचे पांढरे केस दिसू लागतात. अहवालातला दोष खरा असतो, पण आजच्या दुखण्याचे कारण तोच असेल असे नाही. म्हणून धक्का किंवा पडझड झालेली नसताना, पहिल्याच आठवड्यात हजारो रुपये मोजून एमआरआय काढणे बहुतेकांना उत्तर देत नाही, उलट एक नवी भीती देते. जो आपल्या खांद्याला घाबरतो तो हात वर उचलणेच टाळतो. मग न वापरलेला खांदा अधिक अशक्त होतो, आणि दुखणे वाढत जाते.

शस्त्रक्रियेची गोष्ट याहून बोधप्रद आहे. अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1972 मध्ये मांडले की हात वर नेताना खांद्याच्या वरच्या हाडाखाली कंडरा चिमटते आणि म्हणून दुखते, तेव्हा ते हाड थोडे तासून जागा करून द्यावी. कल्पना इतकी पटणारी होती की पुढे ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून जगभर लाखोंवर झाली. खरी कसोटी मात्र फार उशिरा लागली. ब्रिटनमधील 32 रुग्णालयांतल्या 313 रुग्णांवर झालेली चाचणी 2018 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. काहींचे हाड तासले, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले आणि काहीच न तासता बाहेर काढली, तर काहींवर कसलाच उपचार केला नाही. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात फरक निघाला नाही. उपचार न झालेल्यांपेक्षा ते किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवण्याइतका मोठा नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधील 210 रुग्णांच्या चाचणीनेही हेच दाखवले. 2019 मध्ये ‘बीएमजे’ने तज्ज्ञांच्या गटामार्फत, अशा दुखण्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली. हात उचलताना दुखते म्हणून हाड तासून घेण्याआधी बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेच्या रुग्णालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवे.

मग गुण कशाने येतो? व्यायामाने, आणि तोही फारसा गुंतागुंतीचा नसलेल्या. 2021 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच आलेल्या ब्रिटनच्या ‘ग्रास्प’ चाचणीत 708 रुग्ण होते. काहींकडून फिजिओथेरपिस्टने सहा भेटींपर्यंत चढत्या भाराचा व्यायाम करून घेतला, काहींना एकाच भेटीत नीट समजावून व्यायाम शिकवला आणि घरी करायला सांगितले. वर्षभराने दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. हा निष्कर्ष आपल्यासारख्या भागासाठी मोलाचा आहे. निपाणी, संकेश्वर, खानापूर किंवा चंदगडच्या माणसाला आठवड्यातून दोनदा बेळगावला खेपा घालणे परवडत नाही. कामाचा खाडा होतो, एसटीचे भाडे जाते, मग तिसऱ्या भेटीनंतर तो येतच नाही. जाणत्या फिजिओथेरपिस्टकडे एक भेट नीट घालवली, व्यायाम नेमका समजून घेतला आणि तो घरी किंवा जिममध्ये नेटाने केला, तर बहुतेकांचे काम भागू शकते. बेळगावात फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, लहान शहरांतही आता फिजिओथेरपिस्ट बसतात. खांदा दुखल्यावर पहिली पायरी तिथली असावी, स्कॅन सेंटरची नव्हे.

जिममध्ये याचा अर्थ काय, तेही स्पष्ट सांगायला हवे, कारण ‘व्यायाम चालू ठेवा’ हा सल्ला मोघम राहिला की घातक ठरतो. दुखणाऱ्या हालचालीतले वजन आधी निम्मे करावे. बार मानेच्या मागे नेऊन मारण्याचे प्रकार आणि हनुवटीपर्यंत बार ओढण्याचा व्यायाम थांबवावा. बेंच प्रेस करताना कोपरे खांद्याच्या रेषेत पसरू न देता अंगाजवळ ठेवावीत, पकड थोडी आत आणावी, आणि फार दुखत असेल तर काही आठवडे जमिनीवर पडून डंबेलने प्रेस करावे, म्हणजे कोपरे खाली टेकतात आणि खांदा फार मागे ताणला जात नाही. ढकलण्याच्या प्रत्येक व्यायामामागे ओढण्याचे व्यायाम वाढवावेत. आरशात दिसते म्हणून छाती सगळे करतात, पण खवाट्यामागचे स्नायू आरशात दिसत नाहीत म्हणून ते राहून जातात. रबर बँडने दंड बाहेर फिरवण्यासारखे हलके व्यायाम पोरखेळ वाटतात, पण कफला नेमके तेच लागतात. दुखणे किती सोसावे याचाही ठोकताळा आहे. दहापैकी तीन-चारपर्यंतचे दुखणे व्यायाम करताना चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यायामाआधी होते तितके खाली आलेले असले पाहिजे. नसेल तर भार जास्त झाला, पुढच्या वेळी कमी करावा. हे सगळे निदान 12 आठवडे करायचे असते. कंडरेला घाई कळत नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. या वयात वजने कशाला, रोज सकाळी तासभर चालले की पुरे. चालणे चांगलेच आहे, पण ते पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी, अगदी 65 पुढच्यांनीही, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. वाढत्या वयात स्नायू घटतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात वापरणारा अवयव म्हणजे स्नायूच. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. अशा देशात पन्नाशीच्या माणसाला खांद्याच्या दुखण्यावरून वजने कायमची सोडायला सांगणे म्हणजे लहान दुखण्याच्या बदल्यात मोठे दुखणे पदरी घालणे. शिवाय वजन उचलणे हा फार धोक्याचा खेळ आहे हा समजही पडताळून पाहावा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यानुसार वेटलिफ्टिंगमध्ये सरावाच्या दर हजार तासांमागे साधारण दोन ते साडेतीन दुखापती होतात. आठवड्यातून तीन तास व्यायाम करणाऱ्याला हजार तास पुरे व्हायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळ्या खांदेदुखीला एकच औषध कसे चालेल? चालत नाही, आणि म्हणूनच काही खुणा प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. पडल्यावर किंवा एखादे वजन उचलताना ‘कट्’ असा आवाज होऊन हात वर जाणेच बंद झाले, तर तो कफ एकाएकी फाटल्याचा प्रकार असू शकतो. तिथे वाट पाहू नये, कारण अशा फाटीत वेळेवर केलेली शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. डाव्या खांद्यात दुखत असताना छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर जिममधून सरळ रुग्णालय गाठावे. ताप, उतरत जाणारे वजन, हाताला सतत येणाऱ्या मुंग्या याही दुर्लक्ष करण्याजोग्या गोष्टी नाहीत. आणखी एक प्रकार या वयात फार दिसतो, तो म्हणजे खांदा आखडणे, ज्याला सगळे ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. यात आपण हात उचलू शकत नाहीच, पण दुसऱ्याने धरून फिरवला तरी तो फिरत नाही. मधुमेहींमध्ये हा विकार कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे खांदा आखडला तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. हा महिनोन्महिने, कधी दोन-तीन वर्षे चालणारा विकार आहे, त्यावर वजने चढवून तो सुटत नाही. एवढे वगळले तरी जिममध्ये हळूहळू सुरू झालेले, हात वर नेताना किंवा त्या कुशीवर झोपताना होणारे दुखणे हा सर्वांत मोठा गट उरतो, आणि वरचा सारा युक्तिवाद त्या गटापुरता आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बारा आठवडे कोण थांबणार, इंजेक्शन घेतले की आठवड्यात आराम पडतो. पडतो, हे खरे. वर सांगितलेल्या ‘ग्रास्प’ चाचणीतच काहींना स्टिरॉइडचे इंजेक्शनही दिले होते. त्यांना पहिल्या आठ आठवड्यांत थोडा फायदा झाला, पण वर्षाअखेरीस इंजेक्शन घेतलेले आणि न घेतलेले एकाच पातळीवर होते. रात्रीची झोप उडाली असेल, व्यायाम सुरूच करता येत नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादे इंजेक्शन घेण्यात गैर काही नाही. चूक होते ती आराम पडताच दुसऱ्या दिवशी जुन्या वजनाखाली जाऊन झोपण्यात. मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून ती खाऊन व्यायामाला जाणे तर दुहेरी धोक्याचे आहे. दुखणे हा जो इशारा, तोच बंद पडतो, आणि रोजच्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंडे बिघडवतात. हाडवैद्याच्या मालिशीने तात्पुरते मोकळे वाटू शकते, पण जोराने ओढाताण केली तर उरलीसुरली कंडराही दुखावते. आणि निपाणीच्या बाजारपेठेने ज्या पिकावर नाव कमावले त्या तंबाखूबद्दलही बोलायला हवे. 2010 च्या एका अमेरिकन अभ्यासात धूम्रपान आणि कफ फाटणे यांचा संबंध आढळला, जितके धूम्रपान अधिक तितका तो घट्ट. जिममधून बाहेर पडून टपरीवर सिगारेट पेटवणाऱ्याने प्रोटीनच्या डब्यापेक्षा आधी या खर्चाचा विचार करावा.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र जिमच्या बाहेरून येतो. वजन निम्मे करा, बारा आठवडे सावकाश चढवा, हा उपदेश हौसेने वजन उचलणाऱ्याला ठीक आहे. निपाणीच्या वखारीतला, बेळगावच्या बाजार समितीतला, साखर कारखान्याच्या गोदामातला हमाल काय करणार? त्याचे पोते निम्मे कोण करून देणार? या प्रश्नाने वरचा युक्तिवाद खोडला जात नाही, उलट तो अधिक खरा ठरतो. भाराचे माप हाच उपचार असेल, तर ज्याच्या हाती ते माप नाही त्याच्यासाठी ते दुसऱ्या कोणीतरी ठरवले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनाची मर्यादा 55 किलोपर्यंत खाली आणावी असे म्हटले होते. साखरेचे पोते 100 किलोवरून 50 किलोवर आले, तेव्हा साखर उद्योग बुडाला नाही. सिमेंटची पिशवी आपल्याकडे 50 किलोची असते, ब्रिटनमध्ये ती 25 किलोची मिळते. महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा कागलपर्यंत पोहोचतो, कर्नाटकातल्या निपाणीत लागू होत नाही, आणि त्याचाही भर नोंदणी, मजुरी व कल्याण निधीवर आहे. महामार्ग तोच, ट्रक तेच, पोती तीच, मग खांद्याची काळजी राज्याच्या हद्दीवर का थांबावी? दोन्ही राज्यांनी पोत्याचे वजन कमी करणे, ढकलगाड्या व पट्टे देणे आणि पन्नाशीच्या हमालाला हलके काम मिळण्याची तजवीज करणे, हे व्यापाऱ्यांच्या मर्जीवर सोडू नये.

हौशी मंडळींच्या बाबतीत अडचण ज्ञानाची कमी आणि मानाची जास्त आहे. वीस किलोची प्लेट काढून दहाची लावताना शेजारचे पोरगे बघते आहे, हा विचार अनेक खांद्यांना महाग पडला आहे. इथे तालमीची जुनी रीत आजच्या जिमपेक्षा शहाणी होती. कुस्ती सुटलेला पैलवान तालमीबाहेर फेकला जात नसे. तो वस्ताद होई, पोरांचे जोर मोजी, स्वतः हलका मुद्गल फिरवी, आणि त्यात त्याचा मान कमी होत नसे. कोणत्या वयात किती मेहनत, याचे एक अलिखित मोजमाप तिथे होते. जिममध्ये पंचविशीचा आणि पन्नाशीचा एकाच आरशासमोर, एकाच तक्त्यावर, एकाच ट्रेनरच्या आरोळीवर व्यायाम करतात. जिमचालकांनी चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा तक्ता ठेवणे, नाव नोंदवतानाच खांदेदुखी व मधुमेहाची चौकशी करणे, आणि गावातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टशी जोडून घेणे यात फार खर्च नाही. जिल्हा शरीरसौष्ठव संघटनांनी ट्रेनरना एवढे प्रशिक्षण दिले तरी निम्मे काम होईल.

ज्यांचा खांदा आज दुखतो आहे त्यांना सांगणे एवढेच. वर दिलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर घाबरू नका, स्कॅनसाठी धावू नका, आणि जिमची चावीही परत करू नका. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवा, बारवरची प्लेट उतरवा, ओढण्याचे व्यायाम वाढवा आणि बारा आठवडे धीर धरा. एवढे करूनही फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, आणि त्याने शस्त्रक्रिया सुचवलीच तर ती माझ्या दुखण्यात नेमकी कशाने उपयोगी पडेल, हे त्याला जरूर विचारा.